चाळीस पाकिटांचा नैवेद्य

आमच्या ग्राम आरोग्य मंडळाच्या दंतचिकित्सालयात जंतू नाहीत. हे मी ऐकीव सांगत नाही. तसं प्रमाणपत्र आहे, ते दारासमोरच्या भिंतीवर टांगलेलं आहे आणि त्याची चौकट मी स्वतः म्हापशाहून करून आणलेली आहे. तरीही गावात काही लोक नसत्या गोष्टी बोलतात. म्हणून मंडळाचा मानद चिटणीस या नात्याने सदर प्रकरणाची हकीकत क्रमवार मांडणं मला भाग आहे. मी शिवदास. पेडण्याच्या मामलेदार कचेरीत एकतीस वर्षं काढली, शेवटची नऊ हेडक्लार्क म्हणून. माझ्या टेबलावरच्या फायलीतला एक कागद कधी मागेपुढे झाला नाही, तिथे जंतूची काय कथा.

चिकित्सालय म्हणजे सोसायटीच्या गोदामाला लागून दोन खोल्या. आधी तिथे म्हापशाचे एक डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत. त्यांच्या हाताखाली प्रभावतीबाय, ती अजूनही आहे, कायम नोकरीत, कपाटांच्या चाव्या कमरेला. त्या काळची पद्धत सोपी होती. एका तोंडातून निघालेली हत्यारं गरम पाण्याच्या बाल्दीत, बाल्दीतून तुवाल्यावर आणि तुवाल्यावरून पुढच्या तोंडात. पाणी दर सोमवारी नवं. अठरा वर्षांत एकाही रुग्णाने लेखी तक्रार केली नाही. कोणाला काही झालंच असेल, तर ते इथे झालं हे त्याला कळलं नाही, आणि न कळलेल्या तक्रारीसाठी आमच्या रजिस्टरात रकाना नाही.

ते डॉक्टर थकले आणि गेल्या वर्षी त्यांच्या जागी डॉ. ऋतिका आली. मुलगी आमोण्याची, वय सत्तावीस, कंत्राटी नेमणूक. पहिल्या दिवशी पहिला रुग्ण मीच, कारण माझी उजवीकडची खालची दाढ महिनाभर ठणकत होती आणि चिटणीसाला रांग लागू नये असा संकेत आहे. तिने नुसती बॅटरी मारून तोंडात पाहिलं आणि विचारलं,

"काका, साखर किती असते?"

"कमी-जास्त. चवथीला गणपतीचे मोदक, तेव्हा जास्त."

"मग नीट ऐका. दाढ वाचेल, मुळापर्यंत साफ करावी लागेल, चार वेळा यावं लागेल. पण तुमच्यासारख्या मधुमेह्याला आत जंतू गेले तर सूज जबड्यापुरती राहत नाही. त्या बाल्दीतलं हत्यार मी तुमच्या तोंडात घालणार नाही. निर्जंतुक करायचं यंत्र आणा, मग या."

प्रभावतीबाय बाल्दीजवळ उभी होती. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते लिहिण्यासारखं नाही. मला मात्र घाम फुटला. माझ्या थोरल्या भावाचा पाय याच साखरेपायी, एका लहानशा जखमेतून गेला. मी त्याच दिवशी मंडळापुढे यंत्राचा विषय मांडला. अध्यक्ष अनंतबाब म्हणाले, "शिवदास, दाढ तुझी एक आणि यंत्र मंडळाचं. बरं दिसत नाही." विषय पुढील बैठकीपर्यंत तहकूब झाला.

यंत्र आलं ते माझ्या दाढेमुळे नव्हे, परिपत्रकामुळे. वरून पत्र आलं की दंतचिकित्सालयांचं संसर्ग नियंत्रणाबाबत मूल्यांकन होईल, पथक येईल, गुण देईल आणि पात्र ठरणाऱ्यास प्रमाणपत्र देण्यात येईल. पलीकडच्या गावातल्या दवाखान्याने अर्ज केल्याचं कानावर आलं, तशी अनंतबाबांची झोप उडाली. आठवड्यात यंत्र हजर. समई लागली, नारळ फुटला, यंत्राला झेंडूचा हार घातला. चार भाषणं झाली. यंत्र काय करतं हे चारही वक्त्यांनी सांगितलं नाही, त्यामुळे कार्यक्रम वेळेत आटोपला.

यंत्र काय करतं हे मी सांगतो. हत्यारं धुऊन कागदी पाकिटात घालायची, पाकीट चिकटवून बंद करायचं, यंत्रात ठेवायचं. आत वाफेचा दाब चढतो, जंतू मरतात. पाकिटावरची एक खूण रंग बदलते, म्हणजे काम झालं. मग ते पाकीट रुग्णाच्या समोर फोडायचं. प्रभावतीबाय त्याला कुकर म्हणायची. कुकर उघडला की भात शिजला का बघतात, तसं ती एकेक पाकीट फोडून आत बघायची आणि ओलसर वाटलं तर तुवाल्याने पुसून ठेवायची. ऋतिकाने तीनदा समजावलं. जंतू, हवा, हात, बोटं, सगळं सांगून झालं. प्रभावतीबाय मान डोलवायची आणि पुसायची.

चौथ्या वेळी ऋतिका खुर्चीत बसली आणि शांतपणे म्हणाली, "प्रभावतीबाय, चवथीचा नैवेद्य तुम्ही कसा करता?"

"सोवळ्यान."

"मध्ये कोणी झाकण काढून बघतं? हात लावतं?"

"हात मोडीन मी त्याचो."

"मग ही पाकिटं म्हणजे ते सोवळं समजा."

प्रभावतीबायने हातातला तुवाला खाली ठेवला. मग म्हणाली, "असां आधी सांगूक नको होता? मी आपली भांडी समजून पुसतय."

त्यानंतरचे पंधरा दिवस गोव्यात काय, कुठल्याही मुलखात असं निर्जंतुकीकरण झालं नसेल. प्रभावतीबाय न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून यायची. पाकिटांच्या कपाटासमोर तिने रांगोळीची रेघ मारली आणि रेघेच्या आत कोणालाही सोडेना. मी एकदा मोजदाद करायला पुढे झालो तर म्हणाली, "शिवदासबाब, थंयच रवा. चाय पिऊन इलास." मी थांबलो. यंत्रातून निघणारं प्रत्येक पाकीट ती चिमट्याने उचलून रांगेत मांडायची आणि वर पांढरा कपडा घालायची. पाकिटं बरोबर चाळीस झाली. ऋतिका खुशीत होती. मला म्हणाली, "काका, सोमवारी तुमची दाढ घेऊ."

सोमवारी मी खुर्चीत आडवा झालो, दिवा तोंडावर आला, मी आ केला. ऋतिका कपाटाकडे वळली तर समोर प्रभावतीबाय.

"दोतोरबाय, ह्या कित्याक काढतास?"

"काकांच्या दाढेसाठी."

"तोंडात घालतलास?"

"मग कुठे घालू?"

"सोवळा ता. तोंडात गेला काय उष्टा झाला."

ऋतिका म्हणाली, "होऊ दे की उष्टं. काम झालं की धुवायचं आणि परत यंत्रात टाकायचं. वाफेने पुन्हा सोवळं होतं."

"उष्टा भांडा देवाच्या चुलीर कोण चढयता?" प्रभावतीबायने विचारलं. "एक उष्टा आत गेला काय सगळो कुकर बाटलो. मगे ह्या चाळीसांचा काय?"

मी आडवा पडल्या पडल्या दोघींकडे आळीपाळीने बघत होतो. ऋतिकाने शेवटचा प्रयत्न केला. "बरं, नैवेद्य दाखवून झाल्यावर माणसं जेवतात ना?"

"जेवतत. पण दाखवून झाल्यार. सायब येवन बघून जावंदी. मगे फोडा किती फोडूचे ते."

खरं सांगतो, यात मला प्रथम अडाणीपणाच दिसला. पण कचेरीची सवय वाईट. मी खुर्चीतून उठलो आणि परिपत्रक काढून वाचलं. मुद्दा चौदा: निर्जंतुक पाकिटांचा किमान साठा चाळीस आहे काय? मुद्दा पंधरा: सर्व पाकिटं सीलबंद आहेत काय? पाकिटातलं हत्यार रुग्णाच्या तोंडात जातं काय, असा मुद्दा त्यात नव्हता. मी दोनदा शोधला. म्हणजे जे प्रभावतीबायला चुलीपाशी कळलं होतं, तेच वर बसलेल्या तज्ज्ञांनी कागदावर लिहिलं होतं. पाकीट फोडलं की साठा एकोणचाळीस. एकोणचाळीसला शून्य गुण.

तातडीची बैठक बोलावण्यात आली. इतिवृत्तात मी असं लिहिलं: "निर्जंतुक साधने निर्जंतुक राहावीत यासाठी त्यांचा वापर टाळण्यात यावा. दैनंदिन कामाकरिता पूर्वापार पद्धत चालू ठेवण्यात यावी." एकमताने मंजूर. बाल्दी पुन्हा जागेवर आली.

त्याच बैठकीत हातमोज्यांचाही निकाल लागला. ऋतिकाचं म्हणणं, प्रत्येक रुग्णाला नवा जोड. अनंतबाबांनी परिपत्रक डोळ्यांजवळ धरलं. "इथे लिहिलंय, वैयक्तिक संरक्षण साधने. म्हणजे घालणाऱ्याचं संरक्षण. मोजे कोण घालतं? डॉक्टर. डॉक्टरला सकाळी घातले, संध्याकाळपर्यंत संरक्षण झालं. रुग्णाचा यात संबंध कुठे येतो?"

"एका रुग्णाचं रक्त दुसऱ्याच्या तोंडात जातं, एवढाच संबंध," ऋतिका म्हणाली.

"गाव एकच आहे," अनंतबाब म्हणाले.

ऋतिकाने ऐकलं नाही. गुरुवारी तिने प्रभावतीबाय चहाला गेल्याचं बघून पाच पाकिटं फोडली आणि पाच लोकांचं काम केलं. त्यात एक भाजीवाली होती, एक काजूच्या बागेतला राखणदार, बाकीचे असेच. त्यांना यातलं काहीच कळलं नाही, आणि उष्टी हत्यारं प्रभावतीबाय यंत्रात घेईना म्हणून मंडळाला मात्र नव्या हत्यारांचे पाच संच मागवावे लागले. मी कारणे दाखवा नोटीस काढली: "मंडळाच्या मालकीची पाच निर्जंतुक पाकिटे रुग्णांवर वापरून आपण त्यांचा नाश केला, त्याबद्दल आपल्यावर कारवाई का करण्यात येऊ नये." तिने नोटीस वाचली, तिच्या मागच्या बाजूवर राजीनामा लिहिला आणि माझ्या हातात दिला. सरकारी कागदाच्या मागे लिहायची ही रीत मला पटली नाही.

जाताना दारात थांबली. म्हणाली, "काका, तुमच्यावर राग नाही असं म्हणणार नाही, आहे. पण दाढ थांबणार नाही. डिचोलीच्या बाजारात मी दवाखाना घालतेय. या."

मी म्हटलं, बघू. निरोप समारंभ ठेवण्यात आला नाही.

नंतर आले डॉ. प्रज्योत. माणूस गावाला पहिल्याच दिवशी आवडला. कोविडच्या वर्षी आलेले निळे अंगरखे आमच्या माळ्यावर पडून होते. प्रज्योतनी त्यातला एक डोक्यापासून पायापर्यंत चढवला, वर मास्क, मास्कवर काच, पायांत प्लास्टिकच्या पिशव्या. रांगेतली माणसं उठून उभी राहिली. "हो खरो दोतोर," कोणीतरी म्हणालं. हातमोजे तर ते अजिबात काढत नसत, इतके नियमाचे पक्के. फोन आला तरी मोजे घालूनच घ्यायचे, दाराची कडी मोजे घालूनच लावायची, चहासुद्धा तसाच. एकदा मी विचारलं की एवढा जामानिमा कशाला, उकडत नाही का. म्हणाले, "काका, लोकांना सुरक्षितता दिसली पाहिजे." दिसत होती. हत्यारं बाल्दीतून येत होती, पण बाल्दी पडद्यामागे होती.

माझ्या दाढेचं त्यांनीही बघायची तयारी दाखवली. मी म्हटलं, मूल्यांकन होऊन जाऊ दे, पाकिटं मोकळी झाली की पहिलं माझं. तोवर लवंग धरत होतो.

या सुमारास प्रमोद आला. प्रमोद बेळगावकडचा, बायको सोनमसह तुयेला खोली घेऊन राहणारा, तिथल्या औषधाच्या कारखान्यात गोळ्या भरायच्या विभागात कामाला. गाल टम्म सुजलेला. खुर्चीत बसण्याआधी त्याने पडदा बाजूला केला, बाल्दी बघितली आणि पडदा सोडला.

"ओ डॉक्टर, ते कपाटातलं पाकीट फोडा की माझ्यासाठी."

"ती तपासणीची आहेत," प्रज्योत म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे तपासणीसाठी आहेत."

"मग तोंडासाठी कुठली आहेत?" त्याने विचारलं. प्रज्योतनी मास्कवरची काच सारखी केली. "रागावू नका, मी शिकलेला नाही जास्त. पण आम्ही तिकडं एका गोळीला हात लावायचा म्हणजे चार वेळा हात धुतो, टोपी घालतो, दर तासाला मोजे बदलतो. मोजे घालून नाक खाजवलं तर सुपरवायझर बाहेर काढतो. गोळी पोटातच जायची हो, हे तर थेट रक्तात."

रांगेतली माणसं अस्वस्थ झाली. शंभू नावाचा आमचा एक जुना रुग्ण आहे, तो बोलला, "आमी अठरा-वीस वर्सां येतंव, कधी विचारूक नाय. हे कालचे इले आणि माका पाकीट होया म्हणतत." बाकीच्यांनी माना हलवल्या. बाहेरून आलेल्या माणसाने डॉक्टरला प्रश्न विचारावा हे कोणालाच रुचलं नाही. मीही त्याला समजावलं की नियम सर्वांना सारखा आहे, मी चिटणीस असून माझीसुद्धा दाढ थांबली आहे. मग त्याने गाल धरला, कारण पुन्हा कळ आली असावी, आणि मुकाट्याने खुर्चीत बसला. दुखणं एवढं होतं की त्याने प्रश्न सोडला. प्रज्योतनी बाल्दीतली पकड घेतली.

आठ दिवसांनी सोनम आली. एकटी. हातात पिशवी, त्यात इस्पितळाचे कागद. सूज गालावरून मानेत उतरली होती, घास गिळता येत नव्हता, म्हापशाच्या मोठ्या इस्पितळात मानेला चीर देऊन पू काढावा लागला होता. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं होतं, दात कुठे काढला आणि कशाने काढला.

"तेवढं एका कागदावर लिहून द्या," ती म्हणाली. "भांडायला नाही आले मी."

मी कपाट उघडून तिला दाखवलं. चाळीसच्या चाळीस पाकिटं शाबूत होती. "हे बघ," मी म्हटलं, "आमच्याकडची एकही निर्जंतुक वस्तू कमी झालेली नाही. तेव्हा आमच्याकडून तुझ्या नवऱ्याला काही गेलं असं म्हणता येत नाही."

ती त्या पाकिटांकडे बघत राहिली. ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, "एवढी होती?" आणि पिशवी उचलून गेली.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आता इथे खोटं कशाला लिहू. बायकोने विचारलं तर दाढेचं कारण सांगितलं, आणि ते अर्धं खरंही होतं. प्रमोद तिशीचा, धडधाकट, साखरेचा त्रास नाही. त्याच्या मानेपर्यंत गेलं, तर माझं कुठवर जाईल हा हिशोब मला रात्रंदिवस सुटेना.

मूल्यांकन पथक ठरल्या दिवशी आलं. पथक म्हणजे एक साहेब, एक मदतनीस आणि एक यादी. प्रभावतीबायने साहेबांना रांगोळीबाहेर बूट काढायला लावले. साहेब भारावले. म्हणाले, "इतकी जागरूकता मी मोठ्या शहरात पाहिली नाही." त्यांनी पाकिटं मोजली. सीलं पाहिली. हातमोज्यांची खोकी पाहिली, न उघडलेली, तारखेतली. प्रज्योत नव्या निळ्या अंगरख्यात उभे होते, त्यांचा फोटो घेण्यात आला. पडदा साहेबांना दिसला, पण यादीत पडदा नव्हता. पैकीच्या पैकी गुण.

सगळं झाल्यावर अनंतबाब आदराने म्हणाले, "साहेब, आलाच आहात तर खुर्चीत बसा, दात बघून घ्या. आमची सेवा."

साहेब दोन पावलं मागे सरकले. "नको, नको. माझे डॉक्टर पणजीला आहेत."

गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि मी प्रभावतीबायकडे वळलो. "झालं दाखवून. आता फोडूया पहिलं." ती हो म्हणाली. बाई शब्दाची पक्की, तिच्याबद्दल मला तक्रार नाही. तिने कमरेची चावी काढलीसुद्धा. पण अनंतबाबांच्या हातात साहेबांनी ठेवलेला कागद होता आणि ते तो शेवटपर्यंत वाचत होते. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: प्रमाणपत्र एक वर्ष वैध, मात्र पूर्वसूचना न देता केव्हाही फेरतपासणी करण्यात येईल.

"केव्हाही म्हणजे उद्याही," अनंतबाब म्हणाले.

"उद्या कशाला येतील?" मी म्हटलं.

"केव्हाही लिहिलंय, शिवदास. तू एकतीस वर्षं कचेरीत होतास. तूच सांग."

केव्हाही म्हणजे नेहमी. चावी कमरेला परत गेली.

प्रमाणपत्र टांगण्याच्या समारंभानंतर तिसऱ्या दिवशी माझा गाल सुजला. आरशात बघितलं आणि मला प्रमोदचा गाल आठवला, ती पिशवी आठवली. मी बायकोला सांगितलं, डिचोलीला एका जुन्या सहकाऱ्याला भेटून येतो. पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून डिचोलीची बस. तोंडावर रुमाल बांधला होता, तो धुळीसाठी आहे असं कंडक्टरला न विचारताच सांगितलं.

ऋतिकाचा दवाखाना बाजारात एका शिंप्याच्या दुकानावर, अरुंद जिन्याने वर. मी जिना चढून आत पाऊल टाकलं आणि तसाच उभा राहिलो. बाकावर अनंतबाब बसले होते. गालाला रुमाल.

"तू?" ते म्हणाले.

"एका सहकाऱ्याकडे आलो होतो."

"मीसुद्धा," ते म्हणाले. "इथे काजूच्या व्यापाऱ्याकडे."

मी त्यांच्या शेजारी बसलो. आम्ही दोघे समोरच्या भिंतीकडे बघत राहिलो. तिथे प्रमाणपत्र नव्हतं, नुसतं कॅलेंडर होतं. थोड्या वेळाने आतलं दार उघडलं आणि एक गृहस्थ गालात कापूस धरून बाहेर आले. साधा शर्ट, साधी पँट. निळा अंगरखा नसल्यामुळे डॉ. प्रज्योतना ओळखायला मला एक क्षण लागला. त्यांनी आम्हाला बघितलं. बोलायला तोंड मोकळं नव्हतं, म्हणून नुसते हात जोडले आणि जिना उतरून गेले. अनंतबाबांनी घसा खाकरला. कोणीही कोणाला काहीही विचारलं नाही. मंडळाची एवढी सुरळीत बैठक मी माझ्या कारकिर्दीत पाहिलेली नाही.

माझा नंबर आला. ऋतिकाने मला पाहून तोंड वाकडं केलं नाही, हसलीही नाही. हात धुतले, नवे मोजे घातले, माझ्या डोळ्यांसमोर पाकीट धरलं, रंग बदललेली खूण दाखवली आणि टर्रकन फाडलं. बाई एकटीच सगळं करत होती, दोन रुग्णांच्या मध्ये थांबायला लागत होतं, बाकावर माणसं कुरकुरत होती. काम करता करता तिने विचारलं, "तिकडे फोडतात का आता पाकिटं?" माझ्या तोंडात तिचे दोन्ही हात होते. उत्तर देता आलं नाही. फार सोयीचं झालं.

चार खेपा घातल्या. सूज उतरली, दाढ वाचली. आता उजवीकडून बेकरीतला कडक उंडा पावसुद्धा चावता येतो. पुढच्या बैठकीत मी बाल्दीचा विषय काढणार होतो, खरंच काढणार होतो. पण अनंतबाबांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि विषयपत्रिका पुढे सरकली. प्रमोद आता कामावर जातो म्हणे. मानेवर व्रण राहिला आहे. कारखान्यात गोळ्या भरताना टोपीखाली तो झाकला जात नाही, एवढंच.

तुम्ही आतापर्यंत आमच्यावर संतापला असाल. माझ्यावर तर जास्तच, ते मी समजू शकतो. फक्त एक सांगा. तुम्ही शेवटचे दाताच्या खुर्चीत बसलात तेव्हा पाकीट फाडलेलं बघितलंत? मोजे कुठून आले, कोणाच्या तोंडातून आले, विचारलंत? फी विचारलीत. मासे कधीपासून खायचे ते विचारलंत. भिंतीवरचं प्रमाणपत्र वाचलंत आणि डॉक्टरांना असलं काही विचारणं बरं दिसत नाही म्हणून आ केलात. नाही म्हणू नका, तुमच्याच शेजारी शंभू बसला होता.

तेव्हा तुम्ही आमच्याकडेच या. चिकित्सालय सोमवार ते शनिवार, सकाळी नऊ ते एक उघडं असतं. मंडळाचे पदाधिकारी आणि डॉक्टर त्या खुर्चीत बसत नाहीत, त्यामुळे तुम्हाला फार वेळ थांबावं लागणार नाही.